आतून तपासलेलं कुलूप

माझे बाबा आणि काका एकमेकांशी बोलत नाहीत, एवढं सोडलं तर त्यांचं बोलणं अगदी व्यवस्थित चालतं.

बाबा कुलपं करतात आणि काका त्यांच्या किल्ल्या करतात. कारखाना एकच, खोली एकच, दोघांची टेबलं समोरासमोर आणि मध्ये एका स्टुलावर मी. बाबा कानस खाली ठेवून म्हणतात, "त्याला सांग, मधला दात जाड झालाय." मी मान वळवतो आणि म्हणतो, "काका, बाबा म्हणतात मधला दात जाड झालाय." काकांनी ते माझ्याइतकंच स्पष्ट ऐकलेलं असतं, पण मी बोलेपर्यंत ते थांबतात. मग विचार करतात. मग म्हणतात, "त्याला सांग, दात बरोबर आहे, चष्मा बदल." घरात मला निरोप्या म्हणतात. माझं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर असावं.

या कामाचे काही नियम आहेत. शब्द जसाच्या तसा पोचवायचा. आवाज सपाट ठेवायचा. आपल्या पदरचं काही घालायचं नाही. बाबा "गाढवा" म्हणाले असतील तर काकांना "गाढवा"च म्हणायचं, फक्त म्हणताना आपली मान जरा खाली घालायची, कारण शेवटी ते काका आहेत.

भांडणाचं कारण सगळ्यांना माहीत आहे आणि दोघं ते रोज नव्याने आठवत असतात. बाबांनी एकदा एक नवं कुलूप केलं होतं आणि बाजारातल्या व्यापाऱ्यांना बोलावून सांगितलं होतं की हे किल्लीशिवाय कुणाला उघडणार नाही. काका शेजारीच उभे होते. त्यांनी आत्याच्या केसांतली पिन काढली, कुलूप उघडलं, पिन परत आत्याच्या केसांत खोचली आणि पाणी मागितलं. काकांचं म्हणणं, चोराने उघडण्यापेक्षा घरच्याने उघडलेलं बरं. बाबांचं म्हणणं काय ते कळलं नाही, कारण ते तेव्हापासून काकांशी बोललेच नाहीत. मी तेव्हा नुकताच बोलायला लागलो होतो. लगेच कामाला लागलो.

तर मला नोकरी लागली. समुद्रात थोडं आत एक दीपगृह आहे, तिथे मदतनीस म्हणून. मुलाखतीत साहेबांनी जरा काळजीने विचारलं, "दिवसच्या दिवस तिथे कुणी बोलायला नसतं. जमेल का?" मी विचारलं, कधीपासून येऊ.

घरी सांगितलं तेव्हा बाबांनी कानस खाली ठेवली. "त्याला सांग, पोरगं जायचं म्हणतंय."

"काका, बाबा म्हणतात पोरगं जायचं म्हणतंय."

"त्याला सांग, मुळीच पाठवायचं नाही. मग कुलपाला किल्ली लागणार कशी?"

"बाबा, काका म्हणतात मुळीच पाठवायचं नाही, मग कुलपाला किल्ली लागणार कशी."

बाबांनी मान हलवली. माझ्या आयुष्यात त्या दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं, आणि ते एकमेकांना मीच पोचवलं होतं.

आता शेवटचा शब्द आत्याचा. ती दोघांहून मोठी आहे, कारखान्याची जागा तिची आहे आणि जेवणही तिच्याच हातचं. ती म्हणाली, "सहलीला जाऊ. प्राणिसंग्रहालय, मग ते तळ्यावरचं उद्यान, मग जंगलातला तळ. माणसांत नेऊन तुम्ही सुधारला नाहीत, जनावरांत नेऊन बघते. सहल संपेपर्यंत तुम्ही दोघं एकमेकांशी सरळ बोललात तर निरोप्या सुटला. नाही बोललात तर हा जन्मभर स्टुलावर."

"एक जण बोलला तर?" मी विचारलं.

"दोघांनी बोलायचं. आणि 'हं' धरणार नाही."

बाबा म्हणाले, "त्याला सांग, आपण बोलणार नाही."

काका म्हणाले, "त्याला सांग, कोण बोलतंय."

मी सहलीसाठी दीपगृहाची पिशवी भरली. दोन स्वेटर, रेनकोट, टॉर्च. आत्याने ती पाहिली आणि तिची चेन लावून दिली. काकांनी पाहिलं आणि म्हणाले, "पोरगं हरणं बघायला चाललंय की बुडायला?"

गाडी लहान होती. ड्रायव्हरच गाईड होता आणि त्याला दोन्ही कामं आवडत नव्हती. आणखी एक कुटुंब आमच्याबरोबर येणार होतं, पण गाडी सुटायच्या आधी बाबा आणि काका खिडकीवरून माझ्यामार्फत थोडं बोलले, आणि ते कुटुंब उतरून मागच्या गाडीत गेलं. ड्रायव्हर आरशातून म्हणाला, "मलाही जाता आलं असतं तर गेलो असतो."

प्राणिसंग्रहालयात त्याने आम्हाला फाटकातून आत सोडलं आणि हात नुसता गोल फिरवला. "डावीकडे झेब्रे, पट्टे आहेत. उजवीकडे उंट, थुंकतो. मला काही विचारू नका, माझ्याशी तो गेल्या वर्षी भांडलाय."

लोक प्राणी बघत होते. आमच्या घरातली माणसं कुलपं बघत होती. बाबा आणि काका कंबरेत वाकून पिंजऱ्यामागून पिंजऱ्याच्या कड्या-कोयंडे तपासत चालले होते, एक पुढे, एक मागे, नजर वर न करता. सिंहाच्या पिंजऱ्यापाशी सिंह स्वतः उठून जवळ आला, हे काय बघतायत ते बघायला. बाबांनी त्याच्या नाकासमोर कुलूप हलवून पाहिलं.

"त्याला सांग, हे काय कुलूप आहे? सिंह आत आहे तो त्याच्या मर्जीने."

मी सांगितलं.

काका म्हणाले, "त्याला सांग, ह्याची कुलपंही मर्जीवरच चालतात. चोराच्या."

मी तेही सांगितलं. सिंह एकदा बाबांकडे, एकदा काकांकडे आणि मग माझ्याकडे बघत होता. त्याला लवकर समजलं. काही माणसांना महिने लागतात.

मग मी ठरवलं की आपण नाहीसं व्हायचं. मी नसलो तर बोलावंच लागेल. सापांच्या घरात शिरलो आणि एका अजगरासमोर उभा राहिलो. तो हलला नाही, मी हललो नाही. आम्हा दोघांचं बरं चाललं होतं. पुरेसा वेळ गेला असं वाटल्यावर बाहेर आलो.

काका पाणघोड्यासमोरच्या बाकावर ऐसपैस बसले होते. बाबा त्यांच्या मागे, हाताची घडी घालून, चेहऱ्यावर मी क्वचित पाहिलेलं समाधान घेऊन उभे होते. मला बघताच म्हणाले, "आलास? त्याला सांग, बाकाचा रंग ओला आहे."

बाकाला लटकवलेली पाटी बाबांच्या हातात होती. काका उठले. त्यांच्या पांढऱ्या शर्टावर पाठभर हिरव्या आडव्या रेघा आल्या होत्या.

"बसताना बघत होता हा?" काकांनी आत्याला विचारलं.

"मला मध्ये घ्यायचं नाही," आत्या म्हणाली. "मी पाणघोडा बघतेय."

ड्रायव्हरने काकांना गाडीत बसायच्या आधी सीटवर जुनी वर्तमानपत्रं घालायला लावली. "झेब्र्याकडे लांबूनच बघायचं असतं," तो म्हणाला.

दुसऱ्या मुक्कामाला तळं होतं. तळ्याच्या काठावर पक्षी बघायला एक लाकडी खोपटं बांधलं होतं, आडव्या फटींचं, आणि आत बोलायला बंदी होती. ड्रायव्हर दारातच कुजबुजला, "बोललात तर पक्षी उडतात. नाही बोललात तरी उडतात. पण बोललात तर मला बोलणी बसतात."

मी सकाळपासून घसा बसल्याचं सोंग घेतलं होतं. गळ्याला रुमाल बांधला होता, आणि काही विचारलं की नुसता खाकरत होतो. खोपट्यात आम्ही चौघं फटीला डोळे लावून बसलो. दुर्बीण एकच होती, ती काकांकडे. काका ती सोडत नव्हते. पक्ष्यांची त्यांना काही आवड नाही, बाबांना हवी होती म्हणून.

बाबांनी मला कोपर मारलं. मी रुमालाकडे बोट दाखवलं. बाबांनी आत्याकडे पाहिलं. आत्या पाण्याकडे बघत होती. बाबांचा जबडा थोडा वेळ हलत राहिला. मग त्यांनी फटीतून बाहेर पाहिलं. तिथे उथळ पाण्यात एक बगळा एका पायावर उभा होता.

बाबा बगळ्याला हळू आवाजात म्हणाले, "त्याला सांग, दुर्बीण इकडे दे."

बगळ्याने मान थोडी वाकडी केली आणि उडून गेला.

काका दुर्बिणीतून तो जाताना बघत राहिले. निरोप आलाच नव्हता, तेव्हा दुर्बीण देण्याचा प्रश्न नव्हता.

बाहेर आल्यावर मी आत्याला गाठलं. बसलेल्या घशाने म्हणालो, "बोलले ना? मध्ये माणूस नव्हता."

"बगळा होता."

"बगळ्याने काही सांगितलं नाही."

"मग काहीच पोचलं नाही. उलट वाईट." आत्याने पदर झटकला. "आणि तुझा घसा बरा वाटतोय."

काका मागून येत होते. ते आत्याला म्हणाले, "ह्या पोराचा घसा बसलेला नाही. ह्याला शिंगं फुटलीत. दीपगृहावर निघालाय. जिथे दिवा लावायला वर चढायचं आणि विझवायला परत वर चढायचं. इथे ह्याला नुसतं मान वळवायचं काम आहे, तेही बसून."

बाबांनी मागे न बघता मला म्हटलं, "त्याला सांग, हे बरोबर बोलला."

मी चडफडत सांगितलं. घसा लगेच सुटला. त्या संध्याकाळी मला त्या दोघांचा जितका राग आला तितका कुणाचाच कधी आला नव्हता. जंगलातल्या तळावर पोचलो तेव्हा तंबूत तीन खाटा होत्या. एका कडेला बाबा, एका कडेला काका आणि मधली खाट आधीच ठरलेली होती. आत्याला वेगळा तंबू मिळाला. ती म्हणाली, देव आहे.

सकाळी जीपमधून जंगल बघितलं. ड्रायव्हर आमच्याबरोबर येऊन मागे बसला. "इथे वाघ दिसतो म्हणतात," तो म्हणाला. "म्हणणारे बरेच दिसतात." खूप वेळ फिरून आम्हाला झाडं दिसली. परत आलो तेव्हा चहा झाला होता आणि त्यानंतर फक्त परतीचा प्रवास उरला होता. म्हणजे माझ्याकडे एक चहा आणि घरापर्यंतचा रस्ता एवढंच होतं, आणि रस्त्यात ते दोघं झोपतात.

तळाच्या स्वयंपाकघरामागे एक पिंजरा होता. एक म्हातारं तरस त्यात ठेवलं होतं. ते पूर्वी तंबूंमधून पाहुण्यांचे बूट पळवायचं, म्हणून पकडलं, आणि मग ते इतकं म्हातारं झालं की परत सोडायला कुणाचं मन होईना. पिंजऱ्याच्या मागच्या भिंतीपलीकडे त्याची बंद खोली, आणि मध्ये वर-खाली सरकणारा पत्रा. पिंजरा धुवायचा असला की राखणदार तरसाला खोलीत घ्यायचा, पत्रा पाडायचा, धुवायचा, पुढच्या दाराला कुलूप लावायचा आणि मग मागे जाऊन साखळी ओढून पत्रा उचलायचा. हे सगळं ड्रायव्हरने न विचारता सांगितलं. तरस एकदा त्याचाही बूट घेऊन गेलं होतं.

आम्ही गेलो तेव्हा पिंजरा रिकामा आणि ओला होता. दार सताड उघडं. कोयंड्यात उघडं कुलूप लटकत होतं. राखणदार दिसत नव्हता.

बाबांनी कुलूप हातात घेतलं आणि उलटं केलं. त्यावर एक मासा ठोकलेला होता. मासा हा आमच्या कारखान्याचा छाप.

बाबांची छाती इतकी फुगली की शर्टाचं बटण मला तुटताना दिसू लागलं. "त्याला सांग, बघ. हे माझं नवं कुलूप. दाबलं की बंद होतं, आणि किल्लीशिवाय उघडत नाही. आत जनावर ठेवतात ह्याच्या भरवशावर."

मी सांगितलं. काकांनी कुलूप नाकापाशी धरून वासही घेतला. "त्याला सांग, भरवसा किल्लीचा असतो. कुलूप काय, मी पिनेने उघडतो. पूर्वी उघडलंय."

इथे आमच्या घराची एक पद्धत सांगायला हवी. आजोबा म्हणायचे, बाहेरून सगळीच कुलपं चांगली दिसतात. कुलूप तपासायचं तर आत जाऊन बसायचं. म्हणून आमच्याकडे नवं कुलूप झालं की ज्याला त्याबद्दल शंका आहे त्याला कारखान्याच्या मागच्या खोलीत कोंडतात. दाराला गज आहेत, त्यातून हात बाहेर काढून त्याने कुलूप उघडून दाखवायचं. माझं निम्मं बालपण दुसऱ्या कुणाला तरी कोंडलेलं बघण्यात गेलं. म्हणजे रिकाम्या पिंजऱ्यासमोर इतर माणसांच्या मनात जे येतं ते आमच्या माणसांच्या मनात येत नाही.

बाबा आत जाऊन उभे राहिले. "त्याला सांग, व्यापाऱ्यांसमोर बाहेर उभं राहून, उजेडात, आरामात कुणीही उघडेल. हिंमत असेल तर आतून उघड म्हणावं. मी इथे उभा राहून बघतो."

"काका, बाबा म्हणतात..."

काका माझं ऐकायच्या आधीच आत गेले होते. एवढा एकच निरोप त्यांनी माझी वाट न बघता घेतला. त्यांनी दार ओढलं, गजातून हात बाहेर काढला, कुलूप कोयंड्यात अडकवलं आणि दाबलं. खट् झालं. मग हिरव्या रेघांचा शर्ट मागे सारून खिशातून तार काढली.

आत्या एका उलट्या बादलीवर बसली. ड्रायव्हर म्हणाला, "मी गाडी पुसतो," पण गेला नाही.

काकांनी तार फिरवली. कान कुलपापाशी नेला. परत फिरवली. बाबा आढ्याकडे बघत शीळ घालू लागले. काकांच्या मानेवर घाम आला. तार वाकवून पाहिली, सरळ करून पाहिली. कुलूप ढिम्म.

"त्याला सांग, घाई नाही," बाबा म्हणाले. "चहा घेऊनच निघायचंय."

"त्याला सांग, तोंड बंद ठेव."

"त्याला सांग, कुलूप बंद आहे तेवढं पुरे."

मी मान वळवत होतो. बाबा इतके खूश मी कधी पाहिले नव्हते. पिंजऱ्यात अडकलेल्या माणसाने इतकं खूश असू नये, हे मला तेव्हाच जाणवायला हवं होतं.

मागच्या भिंतीपलीकडून राखणदाराचा आवाज आला. त्याला पिंजऱ्यातलं काही दिसत नसावं. त्याने मोठ्याने विचारलं, "पुढचं कुलूप लागलंय का हो?"

बाबांनी भिंतीकडे तोंड केलं आणि छाती भरून उत्तर दिलं, "लागलंय. कुणाच्या बापाला उघडत नाही."

साखळी खडखडली. पत्रा वर गेला.

तरस बाहेर आलं. मोठं होतं. मानेवरचे केस विस्कटलेले, एक डोळा पांढरट आणि तोंड अर्धवट उघडं. ते वळसा घालून बाबांच्या पाठीमागे उभं राहिलं आणि त्यांचे बूट हुंगू लागलं. बाबा अजून भिंतीकडे तोंड करून हसत होते, पण आता नुसतं तोंड हसत होतं.

काकांनी तार सोडली. "दादा, हलू नकोस."

बादलीवरून आत्या म्हणाली, "एक बोलला."

माझ्या डोक्यात एकदम दोन विचार आले. तरसाचा आणि दीपगृहाचाही. राखणदाराकडे धावत जायला हवं होतं. मी ड्रायव्हरकडे पाहिलं. तो म्हणाला, "मी जातो," आणि या खेपेला खरंच गेला, पळत.

बाबा ओठ न हलवता म्हणाले, "त्याला सांग, मी हलत नाहीये."

मी मान वळवली नाही.

"निरोप्या. त्याला सांग."

मी गजांवर दोन्ही हात ठेवले आणि तोंड मिटून बाबांकडे बघत राहिलो. त्यांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून माझ्याकडे असं पाहिलं की त्यापेक्षा तरस बरं वाटलं. तरसाने त्यांच्या बुटाची नाडी दातांत धरली.

"दादा," काका म्हणाले, "तुझ्या हाताशी पाण्याचं घमेलं आहे. ते मध्ये धर."

बाबांच्या कपाळावरची शीर उडत होती. माझ्याकडे एकदा, आत्याकडे एकदा पाहिलं, आणि मग जणू घशातून दगड काढावा तसे ते म्हणाले, "कुठे?"

"डावीकडे."

"तुझं डावं की माझं?"

"माझ्या डावीकडे भिंत आहे. तुझं. बहिरा तर होतासच, आता आंधळाही झालास?"

"आंधळा कोण ते मघाशी दिसलं. तारेने भोक सापडत नव्हतं."

"बाक ओला आहे हे तुला बरं दिसलं होतं."

"पाटी होती. वाचता येत नसेल तर मी काय करू?"

"दोघं बोलले," आत्या म्हणाली. तिचं कुणी ऐकलं नाही.

बाबांनी घमेलं उचललं आणि तरसाच्या तोंडापुढे धरलं, पण बघत होते काकांकडे. त्यानंतर जे झालं ते मी पोचवू शकलो नसतो, कारण दोघं एकाच वेळी बोलत होते. पिन निघाली, व्यापारी निघाले, पाणी मागितलं होतं ते निघालं. बाबा म्हणाले, "पाणी कशाला मागितलंस? उघडलंस ते उघडलंस, वर पाणी?" काका म्हणाले, "घसा कोरडा पडला होता. तुझं तोंड बघून." मग कोणाची पट्टी वाकडी होती ते निघालं, कोण उशिरा येतो ते निघालं. तरस घमेल्यामागून एकदा ह्याच्याकडे, एकदा त्याच्याकडे मान वळवत होतं. मला ती मान ओळखीची वाटली.

"ह्या कुलपात काय केलंस तू?" काका ओरडले. "माझ्या तारेला असं कधी झालं नाही."

"खोटी पट्टी आहे आत. तारेने ती उचलली की बाकीच्या अडकून बसतात. किल्ली तिला शिवतच नाही."

"आणि मला सांगितलं नाहीस? किल्ल्या मी करतो."

"कुणाकरवी सांगू? ह्याच्याकरवी?" बाबांनी घमेलं धरलेल्या हातानेच माझ्याकडे इशारा केला. "ह्याला कानस आणि चमच्यातला फरक कळत नाही."

"ते खरंय," काका म्हणाले. "पट्टी वर आहे की मागे?"

"मागे. शेवटची."

"मागे कुणी ठेवतं का? अक्कल गहाण टाकलीस?" काकांनी दोन्ही हात गजातून बाहेर काढले, तार आत घातली, आणि बाबांकडे बघत, शिव्या न थांबवता, कुलूप उघडलं. कुलूप उघडल्याचं त्यांच्या लक्षातही आलं नाही. ते तसंच हातात धरून बाबांकडे वळले. "पुढे ठेवली असतीस तर अर्धं काम वाचलं असतं."

"पुढे ठेवली असती तर तू पिनेने उघडलं असतंस."

दार करकरत आपोआप उघडलं. मी दोन पावलं मागे झालो. तरसाने उघड्या दाराकडे पाहिलं, मग या दोघांकडे पाहिलं, दातांतली नाडी सोडली, आणि परत आपल्या खोलीत गेलं. पलीकडून राखणदाराने पत्रा पाडला. ड्रायव्हर पोचला असावा.

राखणदार धापा टाकत पुढे आला आणि दोघांना बाहेर व्हा म्हणाला, नाहीतर पोलीस बोलावतो म्हणाला. बाबा म्हणाले, "दोन मिनिटं." काका म्हणाले, "आमचं बोलणं चाललंय, दिसत नाही का?" राखणदाराने बाबांच्या दंडाला धरलं तर दोघंही त्याच्यावर खेकसले, एकदम, एका सुरात, आणि परत एकमेकांकडे वळले. शेवटी तो आत्याच्या शेजारी जमिनीवर बसला.

"असे किती दिवस चालतात हे?" त्याने विचारलं.

"आजच सुरू झालेत," आत्या म्हणाली. मग माझ्याकडे बघून तिने मान गाडीच्या दिशेने हलवली. "जा. हे गप्प बसायच्या आत निघ. ड्रायव्हर स्टँडवर सोडेल, मी त्याला सकाळीच सांगून ठेवलंय."

मी तंबूतून पिशवी आणली. जाताना पिंजऱ्याच्या उघड्या दारात थांबलो.

"बाबा, मी निघतो."

बाबा बोलता बोलता थांबले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. काकांकडे वळून म्हणाले, "त्याला सांग, गेला तर माझ्याशी बोलायचं नाही."

काका गोंधळले. इतकी वर्षं त्यांनी निरोप घेतले होते, द्यायची वेळ आली नव्हती. घसा साफ करून म्हणाले, "हे बघ, दादा म्हणतो, गेलास तर त्याच्याशी बोलू नकोस. आणि तिकडे वारा फार असतो, कानाला काहीतरी बांध."

"हे सगळं बाबा म्हणाले?"

"नाही, वाऱ्याचं माझं."

"काका, आपल्या पदरचं घालायचं नाही. म्हटलं असेल तेवढंच सांगायचं. आणि आवाज सपाट."

"बरं," काका म्हणाले.

"त्यांना सांगा, पोचलो की फोन करतो."

काका वळले. "तो म्हणतो, पोचलो की फोन करतो." आवाज बऱ्यापैकी सपाट आला.

बाबांनी विचार केला. खाली वाकून बुटाची ओली नाडी बांधली. बांधून झाल्यावरही वाकलेलेच राहिले. "त्याला सांग, करू नकोस. मी उचलणार नाही." मग थोड्या वेळाने, "तू उचल."

लांबून ड्रायव्हरने हॉर्न दाबला आणि दाबूनच धरला. बाबांचं बोलणं मला अगदी स्पष्ट ऐकू आलं होतं. तरी काका सांगेपर्यंत मी थांबलो.